उत्तर देणारा कोण? : संगणकातील गणिती लायब्ररींची तपासणी आणि बदल

इतिहासाच्या अभ्यासकाला एक सवय जडलेली असते. समोर जुना कागद आला की त्यात काय लिहिले आहे हे वाचण्याआधी तो कागद कोणाच्या हातचा, मूळ आहे की नक्कल, आणि नक्कल असल्यास ती कोणी व केव्हा केली, हे तो विचारतो. नकलाकाराच्या हातून एक ओळ गळली, की त्या नकलेवरून झालेल्या पुढच्या साऱ्या नकलांतून ती गळलेलीच राहते. संगणकाने दिलेल्या उत्तराबाबतही हाच प्रश्न विचारण्याची वेळ आता आपल्या विद्यार्थ्यांवर आली आहे. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही हा विषय निवडला. इतिहासाच्या शिक्षकाने गणिताच्या अंगणात पाऊल का टाकावे, असे कोणी म्हणेल. परंतु साधनांची चिकित्सा हा आमचाच प्रांत आहे.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेली अनेक मुले-मुली आज अभियांत्रिकी, संख्याशास्त्र, हवामानशास्त्र, शेती-संशोधन अशा क्षेत्रांत आहेत. त्यांच्या रोजच्या कामात मॅटलॅब, ऑक्टेव्ह, सायलॅब, आर किंवा पायथन भाषेतील नमपाय यांपैकी एखादे साधन असतेच. पालकांना ही नावे परकी वाटतील. एवढेच ध्यानात घ्यावे की हजारो आकड्यांचे तक्ते गुणणे, शेकडो समीकरणे एकाच वेळी सोडवणे, मोजमापांतून कल काढणे ही कामे या साधनांकडून करून घेतली जातात. विद्यार्थी एक ओळ लिहितो आणि उत्तर पडद्यावर उमटते.

परंतु ते उत्तर मॅटलॅबने किंवा नमपायने काढलेले असतेच असे नाही. पेढीच्या गादीवर मालक बसलेला दिसतो. खतावणी मात्र आतल्या खोलीतला दिवाणजी लिहीत असतो. या साधनांच्या आतल्या खोलीत असा दिवाणजी बसलेला आहे. त्याला लायब्ररी म्हणतात. येथे लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे कपाट नव्हे. इतर प्रोग्रॅमना वापरता याव्यात म्हणून आधीच लिहून, पारखून ठेवलेल्या गणिती कृतींचा तो संच असतो. साधन विकत घेतले किंवा फुकट उतरवून घेतले, की हा संच त्याच्या पोटातूनच येतो. कोणता संच आला, कोणत्या आवृत्तीचा आला, तो आपल्या यंत्राला साजेसा आहे काय, याची चौकशी शंभरांतले फार थोडे लोक करतात.

या दिवाणजींची घराणी जुनी आहेत. इंग्लंडचे जेम्स विल्किन्सन आणि जर्मनीचे ख्रिस्तियान राइन्श यांनी समीकरणे सोडवण्याच्या व मॅट्रिक्सची आयगेन मूल्ये काढण्याच्या पद्धती १९७१ मध्ये ग्रंथरूपाने एकत्र केल्या. त्या अल्गोल नावाच्या संगणकीय भाषेत होत्या. अमेरिकेतील आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत त्यांचे फोरट्रान भाषेत रूपांतर झाले आणि त्यातून आइसपॅक हा संच तयार झाला. पाठोपाठ समीकरणसंचांसाठी लिनपॅक आला. त्याची मार्गदर्शिका १९७९ ची. त्याच वर्षी लॉसन, हॅन्सन, किंकेड आणि क्रोग या चौघांनी ब्लास या नावाने पायाभूत कृतींची एक यादी प्रसिद्ध केली. दोन रकान्यांचा गुणाकार करून बेरीज घेणे, एका रकान्याला ठरावीक संख्येने गुणून तो दुसऱ्यात मिळवणे, अशा त्या अगदी प्राथमिक कृती. त्यांची नावे आणि मागणी करण्याची रीत सर्वांसाठी एक ठरली. त्या आतून कशा लिहायच्या हे मात्र ज्याच्या-त्याच्या यंत्रावर सोडले गेले.

ही युक्ती साधी दिसते, परंतु पुढची चाळीस-पन्नास वर्षे तिच्यावर उभी आहेत. मागणीची रीत एकच असल्यामुळे आतला दिवाणजी बदलता येतो; पेढीवरच्या मालकाला काहीच बदलावे लागत नाही. लायब्ररी बदलणे हा आजचा आपला विषय शक्य झाला तो या १९७९ च्या करारामुळे.

मॅटलॅबचा जन्मही याच घराण्यातला. क्लीव्ह मोलर हे आइसपॅक आणि लिनपॅक या दोन्ही कामांत सहभागी होते. न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवत असताना, विद्यार्थ्यांना फोरट्रान न लिहिता हे दोन संच वापरता यावेत म्हणून त्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मॅटलॅबचा पहिला नमुना लिहिला. म्हणजे ज्याला आपण आज स्वतंत्र सॉफ्टवेअर समजतो ते मुळात लायब्ररीचे दार होते! त्याची कंपनी १९८४ मध्ये निघाली.

नंतर यंत्रे बदलली. प्रोसेसरचा वेग भराभर वाढला, परंतु मुख्य स्मृतीतून आकडे आणण्याचा वेग त्या मानाने मागे राहिला. वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचे उदाहरण घ्या. कोठार अंगणापलीकडे आहे आणि आचारी एकेका कांद्यासाठी एकेक खेप घालतो आहे, अशी कल्पना करा. चिरण्याचा हात कितीही चपळ असला तरी जेवणाला उशीरच होणार. शहाणा आचारी टोपलीभर कांदे एकदम ओट्यावर आणतो, ते सगळे संपवतो आणि मगच पुढची खेप घालतो. प्रोसेसरजवळ कॅश नावाची छोटी, अतिवेगवान स्मृती असते. तो हा ओटा. हजार ओळी व हजार रकान्यांच्या दोन मॅट्रिक्स गुणायच्या तर सुमारे २०० कोटी गुणाकार-बेरजा लागतात. एका मॅट्रिक्सचा आकार मात्र फक्त ८० लाख बाइट असतो. एकदा ओट्यावर आणलेला आकडा शेकडो वेळा वापरता येतो, अट एवढीच की हिशेबाची मांडणी तशी हवी. याच हेतूने ब्लासमध्ये १९८८ साली मॅट्रिक्स आणि रकाना यांच्या कृतींची दुसरी पातळी आली आणि १९९० मध्ये मॅट्रिक्स व मॅट्रिक्स यांची तिसरी. तिसऱ्या पातळीवर आधारलेला लॅपॅक हा नवा संच १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने आइसपॅक व लिनपॅक या दोघांची जागा घेतली. मॅटलॅबने लॅपॅक स्वीकारला तो २००० साली, सहाव्या आवृत्तीत. मधली आठ वर्षे मॅटलॅबचे वापरकर्ते नव्या यंत्रावर जुन्या दिवाणजीकडून हिशेब करून घेत होते. या साऱ्या कामात ज्यांचा मोठा वाटा आहे त्या जॅक डोंगारा यांना २०२१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

आज ब्लास लिहिणारे अनेक आहेत. नेटलिब या सार्वजनिक भांडारातील मूळ संदर्भ-आवृत्ती शुद्ध आणि वाचनीय आहे, पण संथ. टेक्सास विद्यापीठात काम करणारे काझुशिगे गोटो यांनी प्रत्येक प्रोसेसरसाठी अगदी खालच्या यंत्रभाषेत हाताने कृती लिहिल्या, ती गोटोब्लास. तिचे काम २०१० मध्ये थांबल्यावर चीनमधील झांग शियानयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ पासून ती ओपनब्लास या नावाने खुली पुढे चालवली. इंटेलची एमकेएल, एएमडीची स्वतःची, अॅपलची अॅक्सेलरेट ही कंपन्यांची घराणी. संदर्भ-आवृत्ती आणि यांपैकी कोणतीही एक यांच्या वेगात मोठ्या मॅट्रिक्सवर अनेक पटींचा फरक पडतो. यंत्र तेच, प्रोग्रॅम तोच, वीजही तेवढीच. आणि रात्रभर चालणारे काम जेवणापूर्वी संपते. जुन्या, कोणाकडून तरी मिळालेल्या लॅपटॉपवर संशोधन करणाऱ्या मुलाला हे कोणीतरी सांगायला हवे. नवा लॅपटॉप घेण्यासाठी घरातून कर्ज काढण्याआधी तर नक्कीच.

महाराष्ट्राशी याचा एक धागा आहे. पुण्याच्या सी-डॅकमधील परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ व्या क्रमांकावर आला तेव्हा वृत्तपत्रांतून त्याचे कौतुक झाले. ती यादी ठरते लिनपॅकच्या नावाने चालणाऱ्या परीक्षेवर. परीक्षा अशी, की एक अवाढव्य समीकरणसंच सोडवायचा आणि दर सेकंदाला किती कृती झाल्या ते मोजायचे. त्यातला बहुतेक वेळ जातो तो ब्लासच्या मॅट्रिक्स-गुणाकारात.

२०२० ची एक घटना

तपासणी का करावी, हे समजण्यासाठी आम्हाला सर्वांत बोलके वाटते ते २०२० चे उदाहरण. त्या वर्षीच्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची २००४ क्रमांकाची आवृत्ती काढली. (हे २००४ म्हणजे सन नव्हे, विसाव्या सालचा चौथा महिना. इतिहासाच्या शिक्षकाला अशा क्रमांकांचा राग येतो तो यामुळे.) त्या आवृत्तीत भागाकाराची बाकी काढणारी एक क्षुल्लक कृती होती. ती उत्तर बरोबर देई. पण काही प्रसंगी प्रोसेसरमधील जुन्या धाटणीचा गणन-विभाग अस्वच्छ ठेवून परत येई. एका तासाच्या शिक्षकाने फळा न पुसता निघून जावे आणि पुढच्या तासाच्या शिक्षकाने उरलेले आकडे आपलेच समजून त्यावर गणित चालू ठेवावे, तसा प्रकार. पुढच्या तासाचे शिक्षक होते ओपनब्लास. त्यातील काही कृती तोच जुना विभाग वापरीत. विंडोजवर पायथनच्या अधिकृत मार्गाने नमपाय उतरवले की पोटातून ओपनब्लास येई, आणि मग निरोगी दिसणाऱ्या आकड्यांवर ‘ही संख्या नव्हे’ असे उत्तर येऊ लागले, किंवा काम मधेच कोसळू लागले.

हा दोष दाखवणारी चाचणी मोठी शिकवणारी आहे. शून्यापासून १६८ पर्यंतचे आकडे तेरा ओळी व तेरा रकान्यांच्या चौकटीत मांडायचे. प्रत्येकाला १७ ने भागून बाकी घ्यायची आणि त्या चौकटीची आयगेन मूल्ये काढायची. एवढेच. आठवीच्या मुलाला समजेल अशी पहिली पायरी आणि पदवीच्या वर्गातली दुसरी; दोष दिसतो दुसऱ्या पायरीवर, असतो मात्र पहिलीत. ज्याला हे बाधले त्याने आधी स्वतःच्या प्रोग्रॅमला दोष दिला असणार, मग नमपायला, मग ओपनब्लासला. मूळ कारण त्याही खाली, विंडोजच्या पायात होते.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. ऑक्टोबर २०२० च्या अखेरीस नमपायची १.१९.३ ही आवृत्ती आली. तिच्यात ओपनब्लासची नवी ०.३.१२ आवृत्ती बसवली होती. तिने विंडोजच्या त्या दोषाला वळसा घातला होता. विंडोजवाले सुखावले. परंतु लिनक्सवर डॉकरच्या बंदिस्त चौकटीत चालणाऱ्या काही जणांची कामे याच नव्या लायब्ररीमुळे अडू लागली. काही दिवसांतच, नोव्हेंबरच्या आरंभी, १.१९.४ काढावी लागली. तिच्यात लायब्ररी पुन्हा जुनीच घातली आणि एक राखणदार बसवला. नमपाय सुरू होतानाच तो एक छोटी चाचणी करी, आणि दोष आढळला तर काम सुरूच न करता स्पष्ट शब्दांत सांगे की या विंडोजवर हिशेब खात्रीचा होणार नाही. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती २०२१ च्या आरंभी आली.

त्या वेळी अनेकांनी चिडून विचारले की चालणारे साधन मुद्दाम का अडवता? आमच्या मते अडवणाऱ्यांचेच बरोबर होते. चुकीचा आकडा मुकाट्याने देणाऱ्या दिवाणजीपेक्षा ‘आज वही लिहिणार नाही’ म्हणणारा दिवाणजी पेढी वाचवतो. या प्रसंगातून आणखी एक गोष्ट दिसते. लायब्ररी नवी केल्याने एका ठिकाणचे दुखणे गेले आणि दुसऱ्या ठिकाणी उपटले. ‘नवी आवृत्ती म्हणजे बरी आवृत्ती’ हे समीकरण म्हणूनच आंधळेपणाने स्वीकारता येत नाही. ‘जुनेच बरे’ हेही नाही.

गणनातील दोष लायब्ररीच्याही खाली, खुद्द चिपमध्ये असू शकतो. १९९४ मध्ये थॉमस नाइसली या अमेरिकन प्राध्यापकांना मूळ संख्यांवरील संशोधनात पेंटियम प्रोसेसरचा भागाकार चुकताना आढळला. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले असता १.३३३८२ ने सुरू होणारे उत्तर यायला हवे. सदोष चिप १.३३३७३ ने सुरू होणारे देई. इंटेलला चिपा बदलून द्याव्या लागल्या व त्यापायी ४७ कोटी ५० लाख डॉलर बाजूला काढावे लागले. त्या काळात मोलर यांच्या कंपनीने दोष ओळखून दुरुस्त करणारी मॅटलॅबची आवृत्ती काढली होती.

फरक म्हणजे चूक नव्हे

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दोन लायब्ररींची उत्तरे वेगळी आली म्हणजे त्यांपैकी एक खोटी, असे नेहमी नसते. संगणक दशांश अपूर्णांक ठरावीक अंकांतच साठवतो. साधारणपणे पंधरा-सोळा अंक. त्यामुळे बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा अंक बदलू शकतो. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज आधी करून तिच्यात ०.३ मिळवले तर संगणक ०.६००००००००००००००१ सांगतो, आधी ०.२ व ०.३ मिळवून मग ०.१ घातले तर नेमके ०.६. शाळेत आपण शिकवतो की बेरजेत कंस कोठेही घाला; संगणकात ते अक्षरशः खरे नाही. वेगवान लायब्ररी कॅशच्या सोयीने आणि अनेक गाभ्यांत काम वाटून बेरजांचा क्रम बदलत असते. म्हणून तिचे उत्तर शेपटाशी वेगळे पडते.

शेपटाचा हा फरक काही प्रश्नांत डोक्यापर्यंत चढतो. हिल्बर्ट मॅट्रिक्स नावाची एक प्रसिद्ध चौकट आहे. पहिल्या ओळीत १, १/२, १/३ असे अपूर्णांक, दुसरीत १/२, १/३, १/४ असे पुढे. दहा ओळींच्या हिल्बर्ट मॅट्रिक्सची संवेदनशीलता सुमारे १.६ गुणिले दहाचा तेरावा घात इतकी आहे. म्हणजे सोळांपैकी तेरा अंकांचा भरवसा जाऊ शकतो आणि हाती तीनच उरतात. येथे दोन उत्तम लायब्ररी चौथ्या अंकावर भांडल्या तर दोष त्यांचा नाही, प्रश्नाचा आहे.

आपली एक माजी विद्यार्थिनी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करीत असताना याच पेचात सापडली होती. तिच्या लॅपटॉपवर काढलेले गुणक आणि विभागातील यंत्रावरचे गुणक चौथ्या अंकापासून जुळेनात. आकडे कोणीतरी बदलले, असा संशय मार्गदर्शकांच्या बोलण्यात डोकावू लागला. आणि घरात पहिल्यांदाच कोणी विद्यापीठाची पायरी चढलेले असते तेव्हा असा संशय किती जड असतो, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. तिने दोन्ही यंत्रांवर आर भाषेची सत्र-माहिती छापून घेतली. एकीकडे आरच्या सोबत आलेली मूळ ब्लास होती, दुसरीकडे ओपनब्लास. मग तिने सामग्रीतील दोन रकाने जवळजवळ एकमेकांच्या पटीत असल्याचे दाखवले, त्यांची मांडणी सुधारली, आणि दोन्ही यंत्रांचे गुणक नवव्या-दहाव्या अंकापर्यंत जुळले. ती दोन पाने तिने प्रबंधाला परिशिष्ट म्हणून जोडली. मार्गदर्शकांनी पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना ती नमुना म्हणून दाखवली, असे तिने आम्हाला सांगितले.

तपासायचे कसे

आता प्रत्यक्ष कृती. आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टंकायच्या; आम्ही येथे त्यांचा उच्चार देत आहोत. मॅटलॅबमध्ये ‘व्हर्जन’ या आज्ञेपुढे आडवी रेघ देऊन ‘ब्लास’ किंवा ‘लॅपॅक’ लिहिले की सोबत आलेल्या लायब्ररीचे नाव व आवृत्ती कळते. ऑक्टेव्हमध्येही हीच आज्ञा चालते. आरमध्ये ‘सेशनइन्फो’ ही आज्ञा ब्लास आणि लॅपॅक कोणत्या फाइलीतून घेतल्या आहेत ते सांगते. नमपायमध्ये ‘शो_कॉन्फिग’ आहे. परंतु ती आज्ञा बांधणीच्या वेळी काय ठरले होते ते सांगते. लग्नपत्रिकेवर छापलेली नावे एक आणि मांडवात प्रत्यक्ष हजर असलेली माणसे दुसरी, असे होऊ शकते. मांडवातील हजेरी घ्यायची तर अलीकडच्या आवृत्त्यांतील ‘शो_रनटाइम’ किंवा ‘थ्रेडपूलसीटीएल’ हे छोटे साधन वापरावे. ते चालू क्षणी स्मृतीत असलेल्या साऱ्या ब्लास दाखवते. ‘साऱ्या’ असे म्हणण्याचे कारण, नमपाय आणि सायपाय ही जुळी साधने आपापली ओपनब्लास वेगवेगळी बाळगताना आढळतात. मग दोन दिवाणजी एकाच ओट्यावर बसतात, दोघेही सर्व गाभे मागतात, आणि यंत्र धापा टाकू लागते. अशा वेळी प्रत्येकाने किती गाभे वापरावेत याची मर्यादा घालून द्यावी लागते.

वेगाची परीक्षा घरच्या घरी होते. दोन हजार ओळींच्या दोन मॅट्रिक्स गुणाव्यात आणि वेळ मोजावा. या कामात साधारण १६०० कोटी कृती असतात. एक सेकंद किंवा त्याहून कमी लागला तर दिवाणजी कामाचा आहे. दहा-वीस सेकंद लागले तर बहुधा संदर्भ-आवृत्ती बसलेली आहे.

एएमडीचा लॅपटॉप घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी; तो स्वस्त पडतो म्हणून आपल्या मुलांच्या हाती पुष्कळदा तोच असतो. इंटेलची एमकेएल प्रोसेसर कोणत्या कंपनीचा आहे हे पाहून आपला मार्ग निवडत असे, आणि एएमडीवर, तो सक्षम असतानाही, संथ मार्ग धरी. एक छुपे चल बदलून तिला वेगवान मार्गावर आणता येते, ही युक्ती २०१९ च्या सुमारास पसरली. मॅटलॅबने २०२० च्या पहिल्या आवृत्तीत एएमडीसाठी वेगवान मार्ग आपणहून चालू केला. इंटेलने त्याच वर्षी एमकेएलमधून ते छुपे चल काढून टाकले. जुन्या सल्ल्यांत ही युक्ती अजून सापडते. नव्या एमकेएलवर तिचा उपयोग नाही. जात पाहून वागणूक ठरवणारा दिवाणजी असेल तर दुसरा नेमावा. ओपनब्लास तसे करीत नाही.

बदलताना

लायब्ररी बदलण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे साधनाने स्वतः दिलेला मार्ग. डेबियन आणि उबंटू लिनक्सवर ओपनब्लासचे पॅकेज बसवले की ‘अपडेट-आल्टरनेटिव्ह्ज’ या सोयीने कोणती ब्लास वापरायची ते निवडता येते आणि नको वाटल्यास परत फिरता येते. पायथनमध्ये जुन्या वातावरणाला हात न लावता नवे वेगळे वातावरण तयार करावे, त्यात साधनाची नवी आवृत्ती बसवावी आणि दोन्हींकडे तेच काम करून उत्तरे ताडून पाहावीत. पोटातली एकच फाइल काढून तेथे दुसरी ठेवणे पायथनच्या बाबतीत टाळावे; साधन आणि त्याची लायब्ररी यांची एकत्र चाचणी झालेली असते, ती जोडी आपण तोडतो. विंडोजवरील आरमध्ये मात्र ब्लासची स्वतंत्र फाइल बदलण्याची वहिवाट आहे. तेथे मूळ फाइल दुसऱ्या नावाने जपून ठेवावी.

मॅटलॅबमध्ये बाहेरून दुसरी ब्लास दाखवता येते. तेथे फसगत होते ती पूर्णांकाच्या लांबीवरून. काही लायब्ररी ओळी-रकान्यांची मोजणी ३२ बिटांत करतात, काही ६४ बिटांत. ३२ बिटांची मोजणी २१४,७४,८३,६४७ ला संपते. ४६,३४१ ओळी व तेवढेच रकाने घेतले की घरांची संख्या त्यापलीकडे जाते. म्हणून मॅटलॅब ६४ बिटांची मोजणी मागतो. त्याला ३२ बिटांची लायब्ररी जोडली, तर ती नाव तेच सांगते, मागणीही तशीच घेते आणि आकडे मात्र भलतेच वाचते. कोसळली तर नशीब. कोसळली नाही तर अधिक वाईट.

बदल झाल्यावर तीन गोष्टी कराव्यात. साधनाची स्वतःची चाचणी-मालिका असते. नमपायमध्ये ती ‘टेस्ट’ या एका आज्ञेने चालते, थोडा वेळ घेते, पण चालू द्यावी. मग स्वतःचे एखादे जुने, उत्तर माहीत असलेले काम नव्या लायब्ररीवर चालवावे. तिसरी कृती बहुतेक जण गाळतात. समीकरणांचे उत्तर मूळ समीकरणांत परत घालून उरणारी तफावत पाहावी. दोन लायब्ररींची उत्तरे वेगळी असूनही दोघींची तफावत नगण्य असेल, तर प्रश्न हिल्बर्टच्या जातीचा आहे. एकीचीच तफावत मोठी असेल, तर ती लायब्ररी संशयित. प्रत्येक वेळी अंक अन् अंक तोच हवा असेल तर एमकेएलमध्ये तशी सोय आहे. तिच्यासाठी वेगाचा काही भाग सोडावा लागतो.

ज्यांना मॅटलॅबची किंमत परवडत नाही त्यांच्यासाठी पवईच्या आयआयटी मुंबईतील फॉसी हा प्रकल्प सायलॅब, पायथन अशा मुक्त साधनांचा प्रसार करतो. तेथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येतात. ते पाहत असतानाच वहीच्या पहिल्या पानावर चार नोंदी करून ठेवाव्यात : यंत्राचा प्रोसेसर, साधनाची आवृत्ती, ब्लासचे नाव व आवृत्ती, आणि ती बसवल्याची तारीख. लायब्ररी बदलली तर जुनी नोंद खोडू नये. तिच्याखाली नवी लिहावी.